होड्या मोजणाऱ्यांना उत्तर

मे महिना उतरायला लागला की जिल्ह्याजिल्ह्यांत मान्सूनपूर्व आढावा बैठका सुरू होतात. होड्या किती, त्यांतल्या चालू किती, लाइफ जॅकेट किती, दोरखंड किती, जेसीबीवाल्यांचे मोबाइल नंबर, पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी, निवाऱ्यासाठी ठरवलेल्या शाळांची यादी. पालकमंत्री ‘यंत्रणा सज्ज ठेवा’ म्हणतात, चहा येतो, बैठक संपते. या सगळ्यात एक प्रश्न सहसा निघत नाही. पुढच्या पाच वर्षांत या जिल्ह्यात, या गावात, या नदीकाठी कोणतं नुकसान आपण होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आहे?

हा प्रश्न कोणी काढलाच, तर त्याला गप्प करणारं उत्तर तयार असतं. निवृत्त अभियंते ते देतात, लोकप्रतिनिधी देतात, वर्तमानपत्रांत पुराच्या आठवड्यात लिहिणारे आमच्यासारखेही देतात. ध्येयं आणि उद्दिष्टं हे सल्लागारांचे चोचले आहेत. पाणी आराखडा वाचून थांबत नाही आणि दरड परिपत्रक बघून कोसळत नाही. निधी द्या, कामं करा, माणसं वाचवा, बाकी निसर्गाच्या हाती. ऐकायला रोखठोक, आणि टाळ्या घेणारं. मला ते मुळापासून चुकीचं वाटतं, आणि ते चुकीचं का आहे हे जरा तपशिलात सांगायला हवं, कारण त्यात अर्धं सत्य आहे.

अर्धं सत्य हे, की आज आराखड्यांत छापलेली ध्येयं खरोखरच कुचकामी असतात. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 31 नुसार प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करावा लागतो आणि त्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करावा लागतो. धोक्याची ठिकाणं कोणती, धोका टाळण्यासाठी आणि कमी करण्यासाठी काय करणार, तयारी काय, प्रत्यक्ष आपत्तीत कोण काय करणार, हे सगळं त्यात असावं असं कायदाच सांगतो. प्रत्यक्षात अशा जाडजूड दस्तऐवजाच्या पहिल्या पानांवर ‘जीवित व वित्तहानी कमीत कमी ठेवणे’, ‘जनजागृती करणे’, ‘विविध विभागांत समन्वय साधणे’ असली वाक्यं भेटतात. सिंधुदुर्गाच्या आराखड्यातलं असं पान काढून गडचिरोलीच्या आराखड्यात लावलं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. यावरून ‘ध्येयं निरुपयोगी असतात’ असा निष्कर्ष काढणं मात्र सोयीचं आहे, बरोबर नाही. ध्येय लिहिलंच गेलेलं नाही, त्याच्या जागी शुभेच्छा लिहिल्या आहेत, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

शुभेच्छा आणि ध्येय वेगळे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. ज्या वर्षी पूर येत नाही, दरड कोसळत नाही, वादळ दुसऱ्या किनाऱ्याकडे वळतं, त्या वर्षीही जे पूर्ण झालं की नाही हे तपासता येतं, ते ध्येय. ‘जीवितहानी कमीत कमी ठेवणे’ या कसोटीवर पडतं. पाऊस कमी पडला की हा आराखडा आपोआप यशस्वी होतो. तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी, कोणीही काहीही न करता.

यावर कामांचा पक्ष लगेच म्हणेल की आमच्या होड्याही कोरड्या वर्षी मोजता येतात. येतात, मान्य. म्हणून कसोटीचा दुसरा भाग जोडावा लागतो: जे मोजलं त्याने कोणाचं, कोणतं नुकसान कमी होणार हे सांगता आलं पाहिजे. होडीच्या बाबतीत हे सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 रोजी काय झालं ते आठवावं. कृष्णेच्या पुरात वेढलेल्या गावातून बाहेर पडणारी माणसं क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या होडीत बसली, होडी उलटली आणि 17 जण गेले. त्यानंतर चर्चा झाली ती होड्यांची. होड्या अपुऱ्या होत्या, जॅकेट नव्हती, होडी जुनी होती. सगळं खरं. पण ब्रह्मनाळसाठी ध्येय लिहायला बसलो तर ‘गावाला चार होड्या मिळाव्यात’ असं मी लिहिणार नाही. ‘या गावातल्या कोणालाही पुरात होडीने बाहेर पडावं लागू नये’ असं लिहीन. दोन्ही वाक्यं सारखी दिसतात, पण त्यांतून निघणारी कामं वेगळी आहेत.

कृष्णेचा पूर सांगलीत डोंगरी ओढ्यासारखा एका तासात येत नाही. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. कोयनेतून सोडलेलं पाणी खाली पोचायला तास न् तास जातात, पुलावरची पट्टी फुटाफुटाने चढताना अख्खा जिल्हा मोबाइलवर बघत असतो. म्हणजे चाकांवर बाहेर पडायला वेळ असतो. मग माणसं थांबतात का? गोठ्यात दोन म्हशी असतात. 2005 मध्ये पाणी जिथपर्यंत आलं तिथली खूण भिंतीवर असते, आणि त्याच्या वर पाणी येणार नाही असा भरवसा असतो. शाळेतल्या निवाऱ्यात जनावरांना जागा नसते. पाण्याआधी रस्ता जातो, कारण तो गावापेक्षा सखल असतो. होडी नको असेल तर मग गावाचा एक रस्ता ठरावीक पातळीपर्यंत उघडा राहील असा उंच करावा लागतो, पाणी खालून वाहून जाईल अशा मोऱ्या ठेवून; जनावरांसाठी छावणीची जागा पावसाळ्याआधी ठरवावी लागते, चाऱ्यासकट; आणि आयर्विनला किती फूट पाणी झालं की पहिला ट्रॅक्टर हलेल हे ग्रामसभेत ठरवून चावडीवर रंगवावं लागतं. यातली प्रत्येक गोष्ट पूर न आलेल्या वर्षी जाऊन बघता येते. होडी हवीच, शेवटचा उपाय म्हणून. पण शेवटच्या उपायालाच आराखडा म्हणायची आपल्याला सवय लागली आहे.

‘कामं करा’ म्हणणाऱ्यांचं हुकमी उदाहरण चिपळूणचं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदीच्या पाण्याने शहर बुडालं. व्यापाऱ्यांचं कंबरडं मोडलं. पुढे नागरिकांनी साखळी उपोषण केलं, नदीतला गाळ काढण्याची मागणी लावून धरली, आणि 2022 पासून गाळ खरोखर निघू लागला. नाम फाउंडेशनही त्यात उतरलं. हे आंदोलन झालं नसतं तर एक डंपरही हलला नसता, त्याबद्दल दुमत नाही. त्या लोकांना मी ध्येयाचे धडे द्यावेत अशी माझी पात्रता नाही, तेव्हा माझा प्रश्न त्यांना नाही, शासनाला आहे. गाळ किती काढला हे घनमीटरमध्ये सांगितलं जातं. हे माप ठेकेदाराच्या बिलाचं आहे. चिपळूणकराला हवं असलेलं माप वेगळं आहे: तेवढाच पाऊस, तेवढीच भरती आणि कोळकेवाडी धरणातून तेवढंच पाणी आलं, तर बाजारपेठेत पाणी किती इंच कमी चढेल? की ते तेवढंच चढेल, फक्त उतरेल लवकर? गाळ काढण्यामागचं ध्येय या भाषेत लिहिलं असतं, तर किती गाळ काढायचा, कुठला आधी काढायचा, दरवर्षी वरच्या डोंगरातून येणारा नवा गाळ अडवायला काय करायचं, हे प्रश्न त्यातून आपोआप निघाले असते. आणि एक अप्रिय प्रश्नही: सगळा गाळ काढूनही जे पाणी शहरात येणारच, त्याचं काय?

त्या प्रश्नाचं उत्तर पूररेषांत आहे आणि तिथे सगळ्यांचीच जीभ अडखळते. महाराष्ट्रात निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. चिपळूणचा मोठा भाग या रेषांच्या आत येतो, म्हणून तिथे रेषांना विरोध आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. पिढ्यान् पिढ्यांचं दुकान एका रात्रीत नकाशावर बेकायदा ठरल्यासारखं वाटतं. पण रेषा पुसल्याने पाणी मागे सरत नाही. रेषेच्या आत राहूनही नुकसान कमी करणारं ध्येय लिहिता येतं. उदाहरणार्थ, पाच वर्षांत बाजारपेठेतल्या अमुक इतक्या दुकानांना माल हलवायला माळा किंवा पोटमाळा असेल. विजेची मीटर आणि जनित्रं 2021 च्या पाण्याच्या खुणेच्या वर असतील. औषधांचा साठा आणि रुग्णालयांचा प्राणवायू तळमजल्यावर नसेल. यातलं काहीही गाळाइतकं फोटोत देखणं दिसत नाही. म्हणून त्याला मागणी नाही, म्हणून निधी नाही.

निधीचा मुद्दा आलाच आहे तर तोही बघू. ‘पैसेच नाहीत, ध्येय काय करायचं’ हे आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले: 80 टक्के मदत, पुनर्बांधणी आणि तयारीसाठी, 20 टक्के धोका आधीच कमी करण्यासाठी. आपत्ती येण्याआधी खर्च करायचा स्वतंत्र पैसा अशा रीतीने पहिल्यांदा राज्यांच्या हाती आला. जिथे ध्येय नसतं तिथे असा पैसा कुठे जातो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. संरक्षक भिंतीकडे जातो. भिंतीचं अंदाजपत्रक तयार असतं, ठेकेदार तयार असतो, नारळ तयार असतो. भिंत कधीकधी गरजेची असतेही. पण एका काठावर भिंत उभी राहिली की पाणी समोरच्या काठावर चढतं, आणि समोरचं गाव दुसऱ्या आमदाराचं असेल तर त्याच्या बाजूलाही भिंत मंजूर होते. कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गाच्या भरावाने पुराचं पाणी तुंबतं अशी तक्रार 2019 पासून लोक करत आले आहेत. तिथे 2019 ला आणि पुन्हा 2021 ला पुणे–बंगळूर रस्ता बंद पडला. कोणत्या पातळीपर्यंत हा रस्ता चालू राहिला पाहिजे, आणि तो चालू ठेवताना वरच्या गावांत पाणी एक इंचही जास्त तुंबता कामा नये, ही दोन वाक्यं आधी लिहिली तर भराव की खांबांवरचा पूल हा वाद पहिल्याच बैठकीत संपतो.

आता दुसऱ्या बाजूने येणारा, आणि मला जास्त अवघड वाटणारा आक्षेप. काही जण म्हणतात, ध्येय हवं, पण ते एकच असू शकतं: शून्य जीवितहानी. बाकी सगळं त्यानंतर. आणि ते ओडिशाकडे बोट दाखवतात. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. 2019 मध्ये फनी वादळ पुरीजवळ धडकलं तेव्हा सुमारे 12 लाख लोकांना आधीच हलवलं होतं; मृत्यू 64. वीस वर्षांत झालेला हा बदल थोर आहे आणि त्याबद्दल कंजूषपणे बोलणं कृतघ्नपणाचं होईल. पण तो ‘शून्य’ या शब्दाने झाला असं मानणं म्हणजे ओडिशाच्या माणसांवर अन्याय आहे. किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले गेले, प्रत्येक निवाऱ्याची गावसमिती झाली, कोणत्या वाडीतले लोक कोणत्या इमारतीत जाणार हे ठरलं, आणि वादळ नसलेल्या वर्षांतही सराव होत राहिला. शून्य ही घोषणा होती. ध्येयं खालच्या पायऱ्यांवर होती, आणि ती सगळी कोरड्या दिवशी तपासता येणारी होती. आपण घोषणा आयात करतो आणि पायऱ्या तिथेच सोडून येतो.

शिवाय जीव वाचला म्हणजे नुकसान टळलं असं नाही, हे कोकणाला सांगावं लागत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. माणसं फार गेली नाहीत. शून्य जीवितहानीच्या फुटपट्टीने तो दिवस जवळपास यशाचाच म्हणायचा. पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात. आंब्याचं जुनं झाड तर एका माणसाच्या हयातीत परत उभं राहत नाही. कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. भाड्याच्या खोलीत मुंबईत राहणारा मुलगा गावी पैसे पाठवत राहिला आणि वाडीवर जगणारे आईबाप पहिल्यांदाच त्याच्यावर अवलंबून झाले. कोणत्याही जिल्हा आराखड्यात हे ‘हानी’ म्हणून नोंदलेलं नाही, कारण तिथे हानी म्हणजे मृतदेह आणि पंचनामा. श्रीवर्धन तालुक्याने स्वतःचं ध्येय लिहिलं असतं तर त्यात विजेच्या तारा जमिनीखाली किती किलोमीटर हे आलं असतं, वाडीला वाऱ्यापासून आडोसा देणारी झाडं हे आलं असतं, आणि पोफळीखाली मिरी-जायफळासारखं दुसरं पीक किती वाड्यांत आहे हेही आलं असतं, कारण एका वादळाने सगळं उत्पन्न जाऊ नये हेसुद्धा धोका कमी करणंच आहे.

‘निसर्ग मोजता येत नाही’ या वाक्याला जास्त वेळ द्यायची माझी इच्छा नाही, पण ते वारंवार येतं म्हणून थोडक्यात. हवामान बदललं आहे, जुने आकडे चालत नाहीत, मग आकड्यातलं ध्येय कशाला, असा हा युक्तिवाद. 25 वर्षांतून एकदाचा पूर म्हणजे दरवर्षी चार टक्के शक्यता. निळ्या रेषेवरचं घर 30 वर्षांच्या कर्जाने घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत तसा पूर निदान एकदा घरात येण्याची शक्यता 70 टक्के निघते. लाल रेषेवर घर असेल तर ती सुमारे 26 टक्के. नदीचा स्वभाव पूर्वीसारखाच राहिला, असं धरून केलेला हा हिशेब. पाऊस बिथरला असेल तर आकडे वाढतील, कमी होणार नाहीत. अनिश्चितता वाढली की माणूस विमा काढतो, काढायचं थांबवत नाही. कोल्हापूर-सांगलीत 2005, 2019 आणि 2021 अशी तीनदा दैना झाली. तिसऱ्या वेळी ‘अभूतपूर्व’ हा शब्द वापरणाऱ्यांना मागचे दोन पूर आठवत नव्हते का?

याच वाटेवर अलमट्टी भेटते. पुराचं पाणी कर्नाटकातल्या त्या धरणाच्या फुगवट्यामुळे चढतं की नाही यावर पश्चिम महाराष्ट्रात हाणामारीची वेळ येते. 2019 च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराचा मुख्य दोष अलमट्टीवर टाकला नाही, म्हणून ती समितीही अनेकांना अप्रिय झाली. धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करण्याला महाराष्ट्राने विरोध जरूर करावा. तो आंतरराज्यीय प्रश्न आहे, लवाद आणि न्यायालय आहे. शिरोळ तालुक्याच्या आराखड्यात तो घालून उपयोग काय? जे आपल्या हातात नाही त्यावर सगळा राग खर्च केला, की जे आपल्या हातात आहे त्याबद्दल कोणी विचारत नाही. ओढ्यावरचं बांधकाम कोणी मंजूर केलं, पूररेषेतला भूखंड बिगरशेती कोणी केला, हे प्रश्न अलमट्टीच्या आडोशाला सुखरूप राहतात. स्थानिक ध्येयाचा हा फार मोठा फायदा आहे, आणि माझा अंदाज असा की त्याला होणाऱ्या विरोधाचं खरं कारणही हेच आहे.

आणखी एक पर्याय सुचवला जातो: ध्येयबिय नको, धोकादायक गावांची यादी करा आणि त्या गावांचं पुनर्वसन करा. 30 जुलै 2014 ला माळीणमध्ये दरडीखाली 151 माणसं गाडली गेल्यानंतर याद्या झाल्या. 22 जुलै 2021 ला तळीये गेलं, ऐंशीहून जास्त माणसं. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली, आणि शासनाने विधिमंडळात सांगितलं की हे ठिकाण दरडप्रवण यादीत नव्हतं. हे सांगणं खुलासा म्हणून होतं. मला ते याद्यांवरचं आरोपपत्र वाटतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे देशभरचे दरडप्रवणतेचे नकाशे 1:50,000 या प्रमाणातले आहेत; शंभर मीटर पसरलेली ठाकरवाडी त्यावर दोन मिलिमीटर भरते. नकाशा चुकीचा नाही. तो कुठे बारकाईने बघायचं हे सांगण्यासाठी आहे, कोण सुरक्षित आहे हे सांगण्यासाठी नाही. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असा तिचा अर्थ खाली पोचेपर्यंत झाला.

यादीऐवजी ध्येय असतं तर ते गावाच्या नावाशी बांधलेलं नसतं, परिस्थितीशी असतं. तीव्र उताराच्या पायथ्याची किंवा उतारावरची प्रत्येक वस्ती, यादीत असो वा नसो, दोन-तीन दिवसांत ठरावीक पाऊस झाला की रिकामी होईल. ‘रात्री कोणी तिथे झोपणार नाही’ एवढंही पुरत नाही. इर्शाळवाडी रात्री गेली, पण माळीण सकाळी आणि तळीये दुपारी. म्हणून घड्याळाशी नको, पावसाशी बांधायचं. मग पुढचे प्रश्न: पाऊस मोजणार कोण? महसूल मंडळातलं स्वयंचलित केंद्र खाली सपाटीवर असतं आणि डोंगरावरचा पाऊस त्याच्या बादलीत पडत नाही. वाडीतच साधं पर्जन्यमापक आणि ते वाचणारी शाळेतली दोन मुलं किंवा आशाताई हवी. रिकामी होऊन माणसं जाणार कुठे, कोरडं सरपण आणि शेळ्यांसकट? पायवाटेने तिथे किती वेळात पोचणार? पन्नास घरांच्या वाडीसाठी या गोष्टी एका उन्हाळ्यात होऊ शकतात. पुनर्वसनाला वर्षं लागतात, आणि तोवर पावसाळे थांबत नाहीत.

पुनर्वसनाचंही तसंच. कोल्हापूरशेजारच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीला 1989 च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाली. तीन दशकं उलटून गेली. गाव अजून दोन ठिकाणी आहे. पूर आला की लोक सोनतळीला चढतात, ओसरला की खाली येतात. त्यांना ‘हटवादी’ म्हणणारे अधिकारी मी ऐकले आहेत. शेती खाली आहे, दूध खाली निघतं, भूखंडांचे कागद अडलेले, मग माणूस कुठे राहील? ‘स्थलांतर’ हे ध्येय म्हणून एका शब्दात लिहिलं की असंच होतं. इतक्या गोठ्यांची जागा, इतके सातबारे मोकळे, इतकी घरं कायम राहणारी, अमुक वर्षापर्यंत, असं लिहिलं असतं तर 1995 मध्येच कळलं असतं की गाडी कुठे अडली आहे.

आणि हे लिहिणार कोण, हा सगळ्यात अवघड भाग. वरून ठरवून दिलेलं ध्येय गावात पोचेपर्यंत शुभेच्छाच होतं. कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी, म्हणजे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, अशी जोडी मुद्दाम ठेवली आहे. कोणतं नुकसान सोसायचं आणि कोणतं नाही हा हिशेब केवळ तंत्राचा नसतो, म्हणूनच. 2022 नंतर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात आराखड्यांचे आढावे झाले असतील, सह्याही झाल्या असतील. दुसरी खुर्ची रिकामी होती. गावकऱ्यांना जोखमीचं गणित कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी आयर्विनची पट्टी पाठ असलेल्या कोणत्याही हरिपूरकराशी दहा मिनिटं बोलून बघावं. त्याला कळत नाही ते फक्त सरकारी लेखाशीर्षाचं नाव.

ध्येयं कायद्याने लिहायला लावली की सगळं सुरळीत होतं असंही नाही; अमेरिका बघा. तिथे 2000 च्या कायद्याने स्थानिक संस्थांना धोका घटवण्याचा आराखडा सक्तीचा केला. त्यात ध्येयं लिहावी लागतात, पाच वर्षांनी तो नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर केंद्राचं त्यासाठीचं अनुदान मिळत नाही. तरीही एकमेकांच्या आराखड्यांतून उचललेली गुळगुळीत ध्येयं तिथेही सापडतात. अनुदानाची अट माणसाला लिहायला लावते, विचार करायला लावत नाही. मला तिथली अट हवी आहे, नक्कल नको.

राहिला तो आक्षेप, जो उघड कोणी बोलत नाही. आकडा आणि तारीख घालून ध्येय लिहिलं, की ते चुकल्यावर कोणाला तरी जबाब द्यावा लागेल. तहसीलदाराची भीती खरी आहे. त्याची बदली दीड-दोन वर्षांत होते आणि आधीच्याने लिहिलेल्या आकड्यावर नोटीस त्याला मिळते. यावर उपाय आकडा काढून टाकणं हा नाही. चुकलेलं ध्येय का चुकलं हे लिहायची जागा वार्षिक आढाव्यात असावी, आणि कारण लिहिणाऱ्याला शिक्षा नसावी. कोल्हापूरचंच बघा. 2019 आणि 2021 मध्ये शहर पाण्यात होतं आणि नळ कोरडे होते, कारण बालिंगा, नागदेववाडी आणि शिंगणापूरची उपसा केंद्रंच पुरात गेली. 2023 च्या अखेरीस काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आलं, आणि त्या शहरासाठी पुराचा एक मोठा घाव त्यामुळे हलका होऊ शकतो. पण ही योजना स्वच्छ पाण्याच्या जुन्या मागणीतून, पंचगंगेच्या प्रदूषणातून जन्मली. पुराच्या आराखड्यातून नाही. म्हणून ती पुराच्या दिवसांतही चालेल का, तिची वीज कुठल्या उपकेंद्रातून येते आणि ते उपकेंद्र किती फुटांवर बुडतं, हे विचारायला आढावा बैठकीत आजही रकाना नाही. होड्यांसाठी मात्र आहे.